मराठवाड्यातून महिला हँडबॉलच्या राष्ट्रीय संघाची कोच होता येईल का? मी विद्यापीठापर्यंतच खेळले आहे, बीपीएड करते आहे.

होता येईल, ताई. थोरिर हर्गेइर्सन मूळचे आइसलँडचे. नॉर्वेच्या महिला संघात २००१ पासून मारित ब्रेविक यांच्या हाताखाली सहायक राहिले, २००९ मध्ये मुख्य कोच झाले. २०१२ आणि २०२४ ची ऑलिंपिक सुवर्णं त्यांच्याच काळातली. म्हणजे आठ वर्षं सहायकाची. तुम्ही बीपीएडनंतर पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, एक वर्षाचा कोचिंग डिप्लोमा करा आणि मग जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत्या क्रमानं सहायक म्हणून संघाबरोबर जा.

पण त्याच्या आधी मैदान आखायला शिका. एका क्रीडाशिक्षकांशी माझा यावरून जुना वाद आहे. गोलसमोर ६ मीटरची रेषा असते, तिच्या आत फक्त गोलकीपर उभा राहतो. ती आखताना ते गोलच्या मध्यावर खिळा ठोकून ६ मीटरच्या दोरीनं थेट अर्धवर्तुळ मारायचे. ‘दीड मीटरनं काय बिघडतंय?’ हे त्यांचं उत्तर.

बरंच बिघडतं. गोल ३ मीटर रुंद असतो. दोरी प्रत्येक खांबापासून धरून पाव-पाव वर्तुळ काढायचं आणि समोर ३ मीटरच्या सरळ रेषेनं ते जोडायचं. मध्यावरून दोरी मारली की समोर ६ मीटर बरोबर येतात, पण गोलरेषेवर खांबापासून साडेचारच. तिथं सराव केलेली विंगची, म्हणजे कोपऱ्यातून हल्ला करणारी, पोरगी पुढं सरकून उडी मारायला शिकते. खऱ्या कोर्टवर तेच पाऊल रेषेवर पडतं आणि बॉल समोरच्या गोलकीपरकडे जातो. आपण म्हणतो, पोरगी दडपणाखाली आली. ती दडपणाखाली नव्हती, तिला रेषाच चुकीची दिली होती.

डिफेन्सचंही तेच. बरोबर रेषेची लांबी साधारण २२ मीटर, चुकीचीची १९. सिक्स-झिरो, म्हणजे सहाही जणी या रेषेलगत उभ्या, असा बचाव लावला तर सहा जणींना मिळून ३ मीटर जास्त राखावे लागतात, प्रत्येकीला अर्धा मीटर. पिव्होटला, म्हणजे बचावाच्या मधोमध रेषेजवळ उभ्या असलेल्या हल्लेखोर खेळाडूला, घुसायला तेवढी फट भरपूर झाली.

मुरुमाच्या मैदानात खिळा हलतो, म्हणून लोखंडी खुंटी वापरा. नायलॉनची दोरी ताणली की वाढते, तिच्याऐवजी तार घ्या. मोजमाप रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत असतं, त्यामुळे फक्की तारेच्या आतल्या बाजूनं टाका. ९ मीटरची तुटक रेषाही (फ्री थ्रोची) त्याच दोन खांबांवरून, १५ सेंटीमीटर रेघ आणि १५ सेंटीमीटर मोकळं.

बॉलही तसाच. १४ वर्षांवरच्या मुलींना ५४ ते ५६ सेंटीमीटर घेराचा. ‘हात तयार होतो’ म्हणून पुरुषांचा ५८ ते ६० चा देणाऱ्यांचं ऐकू नका. पंजात बॉल मावत नाही, मग कोपर खाली येतं आणि सगळा ताण खांद्यावर जातो.

राष्ट्रीय संघाचं काम बहुधा शिबिर आणि स्पर्धेपुरतं असतं, तेव्हा पगाराची नोकरी धरून ठेवा. आणि शाळेत ४० बाय २० चं कोर्ट बसत नसेल तर लांबी कमी करा, ६ मीटरची रेषा मात्र मोडू नका.

उद्या मैदानावर गेलात की गोलरेषेवर टेप लावा. बाजूच्या रेषेपासून ६ मीटरच्या रेषेपर्यंत अडीच मीटर भरलं पाहिजे. चार भरलं, तर दोरी मध्यावर धरली होती.