उतार संपता संपता ब्रेकचं पेडल खोल जातं, पॅड बदलावेत का? मेकॅनिकला घरी बोलावून काम होईल का?

तुम्ही लिहिलंय की रोज घाट आणि तुंबलेली वाहतूक असते, पेडल खोल जातं आणि गाडी थोडा वेळ उभी केली की पुन्हा ठीक होतं. मग पॅडच्या (चाकामागच्या डिस्कवर, म्हणजे चकतीवर, दाबणाऱ्या पट्ट्यांच्या) आधी ब्रेक ऑईल बदला. ते उकळतंय.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषत राहतं. डॉट ४ ग्रेडचं ऑईल नवं असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत तग धरतं. त्यात साधारण पावणेचार टक्के पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. उकळलं की नळ्यांत वाफ होते. ऑईल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो. पॅड अति तापले असते तर पेडल कडकच राहिलं असतं, जळका वास आला असता आणि गाडी मात्र थांबली नसती. गाडी थंड असतानाही पेडल खोल जात असेल किंवा बॉनेटखालच्या ब्रेक ऑईलच्या डबीतली पातळी उतरत असेल, तर गळती शोधल्याशिवाय गाडी हलवूच नका.

हे काम घरी व्यवस्थित होतं. जागा सपाट आणि टणक हवी, चाकं घरंगळू नयेत म्हणून उटी (अडसर) लावलेली आणि गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर. सीलबंद डबा समोर फोडायला सांगा, एक लिटर पुरतं. ऑईलच्या डबीच्या टोपणावर लिहिलेला ग्रेडच वापरा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचं निपल (ऑईल बाहेर सोडायचा स्क्रू) सैल करून ऑईल पारदर्शक नळीतून बाटलीत सोडायचं, निपल आवळायचं आणि मगच पाय उचलायचा. आवळण्याआधी पाय उचलला की हवा आत शिरते. बुडबुडे थांबून स्वच्छ रंग येईपर्यंत हेच. डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून. चाकांचा क्रम गाडीच्या पुस्तकातला पाळा. रंगावर ऑईल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

चाकं उघडलीच आहेत तर कॅलिपरच्या (पॅड धरून डिस्कवर आवळणाऱ्या पकडीच्या) सरकत्या पिना हाताने हलवून बघा. एकाच चाकाचा आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा जाड दिसला, तर पिन किंवा पिस्टन (पॅड ढकलणारा दट्ट्या) अडकलाय. तो ब्रेक सतत घासतो, चाक तापतं आणि नवं ऑईलसुद्धा लवकर उकळतं. पिनांना ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पॅड ३ मिमीवर आले की बदला. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा, नाहीतर पहिल्याच ब्रेकला पाय तळाला जाईल.

एबीएसच्या (ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा अडकली असेल किंवा मागे इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल, तर मेकॅनिककडे स्कॅनर लागतो. फोनवरच विचारून घ्या.

उतारावर ज्या गिअरमध्ये इंजिन गाडी रोखून धरतं तो आधीच टाका, बहुतेक दुसरा किंवा तिसरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. ठाम दाबा, वेग कमी झाला की पूर्ण सोडा. ऑईल एरवी दोन वर्षांनी बदलतात, तुमच्या रस्त्यावर दरवर्षी बदललेलं बरं.