निवेदन कोणाच्या टेबलावर ठेवायचे?

प्रश्न : आम्ही दक्षिण नागपुरात नरसाळ्याकडच्या एका लेआउटमध्ये राहतो. गुंठेवारीत (विनामंजुरी पाडलेले छोटे भूखंड नियमित करण्याच्या योजनेत) लेआउट नियमित झाला, बहुतेकांनी डिमांड म्हणजे विकास शुल्क भरले, आरएल पत्रेही (भूखंड नियमित झाल्याची पत्रे) हाती आली. परंतु गडर लाइन (मलवाहिनी) अद्याप नाही आणि पावसाळ्यात सेप्टिक टँक भरून घाण पाणी रस्त्यावर येते. आम्ही मोर्चा नेला, सतरा मागण्यांचे निवेदन दिले, वर्तमानपत्रात छायाचित्रही छापून आले. पुढे काहीच हलले नाही. सामान्य माणसांनी आणखी काय करावे? – एक वाचक भगिनी

उत्तर : आपल्या निवेदनात सतरा मागण्या होत्या, हीच मुख्य अडचण आहे. सतरा मागण्यांचा कागद वरिष्ठांकडून ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन खाली येतो आणि त्यातील गडर एका विभागाची, पथदिवे दुसऱ्याचे, उद्यानाची जागा तिसऱ्याची असल्याने तो कोणाच्याच टेबलावर थांबत नाही. निवेदन स्वीकारतानाचे छायाचित्र देणाऱ्यालाही समाधान देते आणि घेणाऱ्यालाही. माझ्या मते ते तेवढ्याच कामाचे असते. तेव्हा मागणी एकच ठेवा : गडर लाइन.

त्यानंतर ती मागायची कोणाकडे, हे ठरवावे लागेल, आणि नागपुरात हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. शहरात महानगरपालिका आहे आणि १९३६ च्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेला, शहर विकासाची कामे पाहणारा नागपूर सुधार प्रन्यासही आहे. गुंठेवारीच्या लेआउटमधील रहिवाशांना महापालिकेच्या झोन कार्यालयाने प्रन्यासाकडे आणि प्रन्यासाने झोनकडे पाठवणे हा इथला जुनाच अनुभव. ही टोलवाटोलवी तोंडी चालते तोवर चालते; ती कागदावर आणण्याचा सोपा मार्ग माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये आहे. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकाच विषयावर, दीडशे शब्दांच्या आत अर्ज करा. मागितलेली माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल, तर पाच दिवसांत अर्ज तिकडे वर्ग करून तसे आपल्याला कळवणे कलम ६(३) नुसार बंधनकारक आहे. अर्ज वर्ग केल्याचे ते पत्र म्हणजे काम कोणाकडे आहे याची लेखी कबुलीच होय.

या अर्जात ‘आमच्याकडे गडर लाइन का नाही?’ असे विचारू नका. माहिती अधिकारी कारणमीमांसा देण्यास बांधील नसतो. त्याच्याकडे असलेला कागद मात्र त्याला द्यावाच लागतो. म्हणून आपल्या लेआउटमधून विकास शुल्कापोटी आजवर किती रक्कम जमा झाली, त्यातून तेथे कोणती कामे झाली, आणि मलवाहिनीचे प्राकलन (खर्चाचा अंदाज) तयार असल्यास त्याची प्रत, एवढेच मागा. आपण डिमांड भरली आहे, ही आपली सर्वांत भक्कम बाजू आहे. आपण उपकार मागत नसून पैसे भरलेल्या कामाचा हिशेब मागत आहात, हे पत्राच्या पहिल्याच वाक्यात यावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करता येते, आणि त्यानंतरचे दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठापुढे चालते.

दरम्यान घरी बसू नका. पाणी साचते त्या जागेचे छायाचित्र घेताना जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक दिसेल असे घ्या, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याला जागा सापडली नाही असे म्हणता येणार नाही. कोणत्या घरासमोर कोणत्या तारखेला टँक वाहिला, याची नोंद एकाच वहीत, एकाच व्यक्तीने ठेवावी. प्रत्येक पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मलनिस्सारणाची व्यवस्था हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ खाली पालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे, याचाही पत्रात उल्लेख असावा. मोर्चा मग काढा, अवश्य काढा. पण हातात हे कागद घेऊन.

प्रश्न : नगरसेवकांना भेटलो की ते म्हणतात, ‘लिहून कशाला देता, मी बसलो आहे ना!’ त्यांना दुखावण्याची भीती वाटते. – एक ज्येष्ठ वाचक, उत्तर नागपूर

उत्तर : दुखावू नका, आभार माना. भेटीच्या दुसऱ्या दिवशी त्यांना चार ओळींचे पत्र द्या : ‘अमुक तारखेच्या भेटीत आपण अमुक काम अमुक मुदतीत करून देण्याचे आश्वासन दिलेत, त्याबद्दल वस्तीच्या वतीने आभारी आहोत.’ तोंडी शब्द असा कागदावर येतो आणि कोणाचा मानही जात नाही. आपल्याकडे एका प्रभागातून साधारणपणे चार सदस्य निवडून येतात, त्यामुळे प्रत्येकाला उरलेल्या तिघांकडे बोट दाखवण्याची सोय असते. म्हणून चौघांची नावे एकाच पत्रावर घाला. शिवाय झोनच्या सहायक आयुक्तांशी थेट पत्रव्यवहाराची सवय सोडू नका. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासकाचा कारभार सुरू झाला, तेव्हा केवळ नगरसेवकांच्या ओळखीवर विसंबलेल्या वस्त्यांची मोठी पंचाईत झाली होती.

प्रश्न : आम्ही भाडेकरू आहोत. घरमालक म्हणतात, तुमच्या सहीला किंमत नाही. समिती नोंदणीकृत नसेल तर पत्र चालते का? – एक विद्यार्थी वाचक

उत्तर : चालते. माहिती अधिकाराचा अर्ज कोणताही भारतीय नागरिक करू शकतो, त्याला कारण सांगावे लागत नाही, मग भाडेपावतीचा प्रश्नच येत नाही. मात्र हा अर्ज समितीच्या नावाने न करता व्यक्तीच्या नावाने करावा. निवेदनालाही नोंदणी लागत नाही. वर्गणी गोळा करून बँकेत खाते उघडायचे ठरले, तर मात्र संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली किमान सात सदस्यांची संस्था नोंदवून घेणे सोयीचे पडेल. तोवर वर्गणीची पावती आणि खर्चाचा कागद वस्तीत सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावत जा.