आईला कधी सांगणार आहेस?

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार महिन्यांच्या बाळाच्या हृदयातलं भोक ठिगळ लावून बंद केलं, ऑपरेशनला तीन आठवडे झाले, बाळ घरी आलंय, दूध नीट ओढतंय. माझा जीव भांड्यात पडला. पण मधेच एक ओळ लिहून तू पुढे निघून गेलीस: "आई-बाबांना अजून सांगितलेलं नाही काकू, एवढ्या लांब उगाच घाबरले असते. पुढच्या आठवड्यात ते येतायत, तेव्हा बघू."

बघू काय, अगं? आजच फोन कर.

मी रागावतेय, कारण हेच मीही केलं होतं. माझ्या धाकट्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. दर रविवारी आईला फोनवर सांगायचे, "सगळं छान आहे." वर्षभराने घरी गेलो. आईने त्याला आंघोळीला घेतलं, अंगातलं काढलं आणि तिचा हात थांबला. छातीच्या मधोमध उतरलेल्या व्रणावरून तिने एक बोट फिरवलं. बादलीतलं पाणी निवत होतं. एवढंच म्हणाली, "त्या दिवशी मी काय करत होते गं? देवापुढे बसले असते की." तिची काळजी वाचवली असं मला वाटत होतं. नातवासाठी देवाकडे मागायचा तिचा हक्कच मी काढून घेतला होता.

तू लिहितेस, "सहा तास बाहेर एकटीच नामस्मरण करत होते, हात गार पडले होते." त्या सहा तासांत तिकडेही दोन जीव तुझ्यासाठी जागे राहिले असते.

शिवाय व्यवहाराचंही बघ. छातीचं हाड सांधायला साधारण ६ आठवडे लागतात. तोवर काखेत हात घालून उचलायचं नाही, एक हात मानेखाली आणि एक ढुंगणाखाली घ्यायचा, हे तुला वॉर्डात शिकवलं. आजीला कोण शिकवणार? दारातच ती काखेत हात घालेल! सर्दी-खोकला असेल तर बाळाला लगेच घ्यायचं नाही, हेही आधीच सांगायला हवं.

सांगताना सुरुवात अशी कर: "बाळ बरं आहे, माझ्या मांडीवर आहे." कॅमेरा त्याच्याकडे वळव. मग बाकीचं. आई रडेल, रागावेल. रागावू दे.

आता तुझे बाकीचे प्रश्न. नवरा प्रार्थनेला बसत नाही म्हणून खट्टू होऊ नकोस, रात्री तीनला उठून औषध देतो तो तोच, असं तूच लिहिलंयस. "माझंच काही चुकलं, देवाने शिक्षा दिली," हे मात्र मनातून काढून टाक. हृदयाचे कप्पे गरोदरपणाच्या पहिल्या दोन महिन्यांतच तयार होतात, आणि भोक का राहिलं याचं कारण बहुतेकदा डॉक्टरांनाही सापडत नाही. कामावर कधी जायचं ते पुढच्या तपासणीनंतर ठरव. ताप आला, जखम लाल झाली किंवा पाझरली, दूध पिताना धाप लागली, तर तपासणीपर्यंत थांबू नकोस, लगेच वॉर्डाला फोन लाव.

आणि आईशी बोलणं झालं की मला दोन ओळी लिही.