नॉक्टर्न म्हणजे नुसता संथ, उदास पियानो का? ऐकायला सुरुवात कुठून करू?

नॉक्टर्न म्हणजे रात्रीच्या भावाची छोटी पियानो-रचना. संथ बहुतेकदा, पण उदास असतेच असं नाही. 'शांत झोपेसाठी पियानो' छापाच्या प्लेलिस्टांनी हा समज पसरवलाय. मी हौसेपुरता पियानो वाजवते, म्हणून मूडबिड सोडून हातांचं सांगते.

इथे उजवा हात गातो आणि डावा साथ करतो. पियानोची अडचण अशी की सूर वाजला की लगेच विरायला लागतो, गळ्यासारखा धरून ठेवता येत नाही. मग डावा हात खाली एक खर्जातला सूर देतो, तिथून उडी मारून वरचे सूर घेतो, आणि पायाने पेडल दाबलेलं असल्यामुळे तो खालचा सूर मागे घुमत राहतो. त्या घुमाऱ्यावर चाल तरंगते. डब्लिनचा संगीतकार जॉन फील्ड रशियात स्थायिक झाला होता. त्याने १८१२ मध्ये पहिली नॉक्टर्न छापली ती याच धाटणीची.

पोलिश संगीतकार शोपँ इटालियन ऑपेराचा भक्त. शिष्यांनाही तो गायक ऐका म्हणून सांगायचा. त्याचं ओपस ९ (ओपस म्हणजे प्रकाशित रचनांचा क्रमांक) मधलं दुसरं नॉक्टर्न (१८३२) तुम्ही कुठेतरी नक्की ऐकलं असणार. आता ऐकाल तेव्हा मूळ चाल परत येते तिथे कान द्या: दर वेळी नव्या हरकती, नवी मुरकी. डावा हात मात्र ठेका धरून असतो, आणि ख्यालातल्या गायकासारखा उजवा त्याच्या थोडा मागेपुढे रेंगाळतो. शेवटाकडे तर डावा थांबतोच आणि उजवा एकटा वरच्या पट्टीत तेच ते सूर गरगर फिरवत बसतो.

हे फार गोड वाटलं तर ओपस ४८ मधलं पहिलं, सी मायनर या स्वरश्रेणीतलं, लावा. सुरुवात जड पावलांची, मध्ये चर्चमधल्या प्रार्थनेसारखे शांत स्वरसमूह, त्यांच्यात सप्तकांची वादळं घुसतात, आणि मूळ चाल परतते ती दुप्पट लयीत. झोपबिप विसरा. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइनचं साठच्या दशकातलं ध्वनिमुद्रण मला सगळ्यात आवडतं, कारण तो उगाच हुंदके देत नाही.

पुढे फ्रेंच संगीतकार फोरेची तेरा नॉक्टर्न आहेत, पण ती सवडीने; शेवटची काही बरीच रुक्ष आणि अवघड आहेत. फील्ड मात्र शोपँच्या आधीच उरका. पाचवं, बी फ्लॅट मेजरमधलं, छोटंसं आहे. नंतर ऐकलात तर बिचारा फिका वाटतो.