‘त्या पोराचा दाखला देऊन टाकला तर?’

मारामारी करणारं पोरगं शाळेतून गेलं की बाकीची सुखात राहतील, असं मुख्याध्यापकांना वाटतं, पालकांनाही वाटतं. आठवीपर्यंत मुलाला असं काढता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ त्याला मनाई करतं. पण काढता आलं असतं, तरी यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या शाळेत मी मुलांसोबत काम केलं, तिथे फरक पडला नसता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

सातवीतला मुलगा पाचवीच्या पोरांना बदडायचा. शाळेने कॅमेरे लावले, मारामारी कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर सरकली. मी प्रत्येक वर्गाकडून शाळेचा नि येण्याजाण्याच्या वाटेचा नकाशा काढून घेतला. नाव लिहायचं नाही, जिथे भीती वाटते तिथे फुली मारायची. निम्म्या फुल्या पाण्याच्या टाकीमागे, खिचडीच्या सुट्टीतल्या. बाकीच्या एसटी थांब्यावर. तिथे याच मुलाला हायस्कूलची पोरं रोज मारायची.

त्याची आई दिवेलागणीनंतरच भेटू शकली. ‘‘दिवसभर कापूस वेचाले जातो, मॅडम. पोराले कवा पाहू?’’ तिला दोष देण्यात काय अर्थ?

म्हणून कामं एकदमच सुरू केली. सुट्टीत एक शिक्षक टाकीजवळ उभा. वर्गात दर आठवड्याला तासभर एकच विषय: कुणाला मार बसत असेल, तर बघणाऱ्यांनी काय करायचं. त्या मुलाशी माझं वेगळं बोलणं, पाचवीच्या पोरांशी वेगळं. नॉर्वेत १९८३ साली मुलांमधली दादागिरी थांबवायची देशभर मोहीम झाली, तेव्हा मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी बर्गनच्या शाळांत असंच शाळा, वर्ग आणि एकेक मूल अशा तिन्ही पातळ्यांवर एकाच वेळी काम केलं होतं.

खरा अडसर छडीचा. ‘‘मारल्याशिवाय ऐकत नाहीत,’’ एक गुरुजी म्हणाले. कलम १७ नुसार ती बंद आहेच. पण मला कायद्यापेक्षा मोठी अडचण दिसत होती. मोठ्याने लहानाला मारून गप्प करायचं, हे पोरं रोज वर्गातच पाहत होती. छडी चालू ठेवून बाकीचं काही करण्यात मला अर्थ वाटत नव्हता, आणि तसं मी स्पष्ट सांगितलं. गुरुजी बरेच दिवस रागावलेले होते. छडी मात्र त्यांनी ठेवून दिली.

टाकीमागच्या मारामाऱ्या जवळजवळ थांबल्या. थांब्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही. हायस्कूल दुसऱ्या संस्थेचं आहे, म्हणून दोन्ही शाळांचे पालक एकत्र बसवायचं शाळा व्यवस्थापन समितीने ठरवलं आहे. बैठक संध्याकाळी ठेवली आहे, वेचणीवरून परतणाऱ्या आयांनाही येता यावं म्हणून.