जिन्याची चौथी पायरी आणि सतरा वर्षांचा ब्लॉग

तुझा प्रश्न दोनदा वाचला. दीड वर्ष ब्लॉग लिहितेयस, बावन्न लेख झालेत, वाचणारे दहा-बारा आणि त्यातले निम्मे घरचेच, नवरा म्हणतो एवढ्या वेळात दुसरं काहीतरी कर, आणि तू विचारतेयस की बंद करू, फेसबुकवर लिहू की यूट्यूबवर जाऊ. वर बऱ्याच जणांनी एसइओ, कीवर्ड, थंबनेल वगैरे सांगितलंय, त्यातलं मी कधी काही केलं नाही त्यामुळं त्यावर बोलत नाही. पण मी २००८ च्या दिवाळीपासून सांगलीतून ब्लॉग लिहितेय, मधली दोन वर्षं बंद होता ती सोडली तर अजून चालू आहे, सहाशेच्या वर लेख झालेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सवडीनं वाच.

सुरुवातीला सगळा जीव टायपिंगमध्येच जायचा. घरच्या कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी, त्यात मराठी नीट दिसण्यासाठी कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन सेटिंग चालू करायला लागायचं, त्याला परत ती विंडोजची सीडी लागायची, नाहीतर वेलांटी एकीकडं अक्षर दुसरीकडं. मराठी टाईप करायला आधी बरहा, मग गमभन, मग गूगलचं ट्रान्सलिटरेशन, असे प्रोग्रॅम बदलत बदलत लिहिलं. ह्याचा एक परिणाम आजही भोगतेय तो सांगते, कारण तुलाही उपयोगी पडेल. 'सोऱ्या' हा शब्द मी तेव्हा साधा र, हलंत आणि मधे एक न दिसणारं चिन्ह घालून टाईप करायचे, आता फोनचा कीबोर्ड तोच शब्द नुक्तेवाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ घेऊन टाईप करतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला मात्र वेगळे. 'ॲ'चंही तसंच, ते एकच स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीत, आलं २००८ मध्ये, त्याआधीचे लोक अ वर चंद्र जोडून लिहायचे आणि नंतरही कितीतरी वर्षं तसंच लिहीत राहिले. त्यामुळं स्वतःच्याच ब्लॉगवर काहीतरी शोधायला जावं आणि सापडू नये असं माझं कितीदा झालंय, आणि मला वाटायचं की आपण ते लिहिलंच नव्हतं. म्हणून लेखांना लेबलं, म्हणजे विषयांची नावं, लावत जा, साधी, ठरलेली, एकाच पद्धतीनं लिहिलेली. बावन्न लेखांना एका दुपारी होईल, सहाशेला मला अख्खा उन्हाळा लागला.

आता वाचकांचं. २००९-१० ला मराठी ब्लॉग लिहिणारे एकमेकांचे ब्लॉग वाचायचे, कमेंट टाकायचे, माझ्या साध्या भरल्या वांग्याच्या लेखावर तीस-तीस कमेंट असायच्या. बरेच जण गूगल रीडरमध्ये, म्हणजे सगळे ब्लॉग एका जागी वाचायच्या गूगलच्या सोयीत, वाचायचे, ते १ जुलै २०१३ ला बंद झालं, तोपर्यंत बहुतेक मंडळी फेसबुकवर गेलेलीच होती, मग सगळ्यांच्या हातात व्हॉट्सॲप आलं, आणि तीसच्या तीन कमेंट कधी झाल्या ते कळलं नाही. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. रोज सकाळी आकडे बघायचे आणि त्या दिवशीचं मन त्यावर ठरायचं. तू आत्ता ज्यातून जातेयस ते मला माहितीये गं, उगीच 'आकड्यांकडं लक्ष देऊ नको' असं कोरडं सांगणार नाही. पण माझ्या बाबतीत ते आकड्यांचं वेड कशानं सुटलं ते सांगते.

आमचं घर गावभागात, म्हणजे सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीत. २००५ च्या पुरात आमच्याकडं पाणी आलं होतं, तेव्हा माझं लग्न होऊन तीन वर्षं झालेली. सांगलीत पावसाळ्यात माणसं एकमेकांना कसं आहे विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" असं विचारतात. आयर्विन पूल म्हणजे कृष्णेवरचा १९२९ चा पूल, तिथं पाण्याची पातळी फुटात मोजतात, ४० ला इशारा आणि ४५ ला धोका. २००५ ला ती ५३ च्या पुढं गेली होती. सासऱ्यांना डायरी लिहायची सवय, आणि ते हिशोबी माणूस, त्यांनी त्या दिवसांत भावना वगैरे काही लिहिल्या नाहीत, फक्त लिहिलं की आयर्विनला इतकं असताना बोळाच्या तोंडाशी पाणी, इतकं असताना उंबऱ्याला, रात्री साडेनऊला जिन्याची दुसरी पायरी, पहाटे चारला चौथी, तिथं थांबलं. पाणी उतरल्यावर त्यांनी जिन्याशेजारच्या भिंतीवर ऑईलपेंटनं आडवी रेघ मारली आणि खाली तारीख घातली. २००९ च्या जुलैमध्ये मला लिहायला काही सुचत नव्हतं म्हणून मी ती डायरी समोर ठेवून एक लेख लिहिला, सगळे आकडे जसेच्या तसे घातले, बोळाचं नाव, शेजारचं देऊळ, कुणाच्या घरात आधी शिरलं, परत बाहेर पडायला कुठला रस्ता सगळ्यात शेवटपर्यंत मोकळा होता, सगळं. त्या लेखाला कमेंट आल्या दोन. त्यातली एक माझ्या बहिणीची.

पुढं दहा वर्षं तो लेख तसाच पडून.

२०१९ चा ऑगस्ट. आम्ही आधीच विश्रामबागला दिराकडं गेलो होतो, तो भाग उंचावर. आयर्विनला पाणी वाढतच होतं, शेवटी ५७ च्याही वर गेलं, २००५ पेक्षा जास्त. लाईट नाही, फोन दिराच्या गाडीत चार्ज करायचा, आणि त्या फोनवर एक मेल आली की तुमच्या जुन्या लेखावर कमेंट आलीय. पुण्यातल्या कुणा मुलीची. तिचे आई-वडील आमच्याच बाजूच्या बोळात, दोघंच, वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, ते म्हणतायत आपल्याकडं काही पाणी येत नाही. तिनं विचारलं होतं, तुमच्या लेखात लिहिलंय की इतक्या फुटाला तुमच्या उंबऱ्याला लागलं, तर आमचं घर देवळाच्या अलीकडं आहे, तिथं कधी येईल? मी सासऱ्यांना विचारलं, ते म्हणाले अलीकडं म्हणजे आपल्याहून सखल, त्यांना आत्ता काढायला सांग, रात्रीची वाट बघू नको. तिला तसं कळवलं. तिनं वडिलांना तो लेखच फोनवर वाचून दाखवला म्हणे, आकड्यांसकट, आणि मग ते तयार झाले, संध्याकाळी शेजारच्या पोरांनी दोघांना खुर्चीवर बसवून बाहेर काढलं. आमच्या घरात त्या वेळी पाणी सातव्या पायरीपर्यंत गेलं. भिंतीवर आता दोन रेघा आहेत.

त्या चार-पाच दिवसांत तो दहा वर्षांपूर्वीचा लेख कुठनं कुठनं लोकांनी शोधून वाचला, अमेरिकेतनं, दुबईतनं, सगळे सांगलीचेच, सगळ्यांचं कुणी ना कुणी इथं अडकलेलं. त्यात माझं शब्दांचं काही कौशल्य नव्हतं. सासऱ्यांचे आकडे होते आणि मी ते गाळले नव्हते एवढंच. तेव्हापासून मी आकडे बघायचं बंद केलं, म्हणजे वाचकांचे, आणि लेखात घालायचे मात्र वाढवले. २०२१ च्या जुलैत परत पूर आला तेव्हा मी दर दोन तासांनी लिहीत होते.

तुझा ब्लॉग काल रात्री उघडून बघितला. राग मानू नकोस, पण स्पष्ट सांगते. पाऊस, एकटेपणा, नात्यांमधलं अंतर ह्यावरचे जे लेख आहेत ते चांगल्या मराठीत लिहिलेत पण ते तू नागपुरात लिहिलेस की ठाण्यात ते कळत नाही, कुठल्या वर्षी ते कळत नाही, तुझं नाव झाकलं तर कुणाचेही वाटतील. आणि मग मधेच तो कुरडयांचा लेख आहे. आई तिसऱ्या दिवशी गहू नखानं दाबून बघते आणि पांढरा चीक बाहेर आला की म्हणते "झालं, वाटायला घे", गच्चीवर त्या आंबूस वासानं शेजारची मांजर येऊन बसते, सोऱ्या दाबताना तुझ्या हाताला फोड आला तो. मी तो लेख तीन वेळा वाचला आणि सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. तो लेख दुसऱ्या कुणाला लिहिताच आला नसता, कारण त्या गच्चीवर तूच होतीस. तसले दहा लिही.

फेसबुकचं विचारलंयस. तिथंही टाक, मी पण टाकते, माणसं तिथंच आहेत. पण मूळ लेख ब्लॉगवर असू दे. फेसबुकवर लिहिलेलं चार दिवसांत खाली जातं, मी २०१४ ला तिथं काय लिहिलं ते मला आज सापडत नाही, ब्लॉगवर मात्र बाजूला वर्षं आणि महिने असतात, उघडलं की झालं. यूट्यूबचं मला सांगता येणार नाही, तो वेगळा व्याप आहे.

व्हॉट्सॲपवर तुझा लेख नाव काढून फिरेल, त्याची तयारी ठेव. माझा संक्रांतीच्या वाणावरचा लेख माझ्याच माहेरच्या ग्रुपवर आला, खाली लिहिलेलं 'साभार', कुणाच्या साभार ते नाही. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आता मी काय करते, लेखाच्या पोटातच गाव, गल्ली, साल, घरातल्या हाका असं गुंफते, नाव कापलं तरी ते कापता येत नाही, कापलं तर लेखच मोडतो.

एक गोष्ट माझी चुकली ती सांगते. २०११ ला मी घरातल्या एका लग्नाच्या बोलण्यांवर लिहिलं होतं, नावं बदलून. नावं बदलून काही होत नाही, नातेवाईकांना दुसऱ्या ओळीत कळलं. जिच्यावर लिहिलं ती माझ्याशी वर्षभर बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं, ती तिची गोष्ट होती, मला सांगायचा हक्क नव्हता. लेख काढून टाकला, घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून घरच्या कुणाबद्दल लिहिलं की आधी त्या माणसाला वाचून दाखवते. सासूबाई कधीकधी म्हणतात हे काढ, मी काढते. तू आईवर बरंच लिहितेस, तिला दाखवतेस का?

आणि बॅकअप. हे अगदी हात जोडून सांगते. माझ्या मामांची हळद सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत असायची. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, वर तोंड अरुंद, खाली पोट मोठं, तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता टिकायची. तोंड उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आत हवा नसते, आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. २००५ च्या पुरात कितीतरी पेवांत पाणी शिरलं आणि ती गेली. मामांकडं जी राहिली होती त्यांचे मी चाळीसेक फोटो काढले, कंदील सोडणारा गडी, दोरी, आतून वर दिसणारा आभाळाचा गोल तुकडा. ते फोटो एका फुकटच्या साईटवर ठेवले आणि ब्लॉगमध्ये तिथली लिंक दिली. ती साईट बंद झाली, मेल आली असणार, मी बघितली नाही, आणि लेखात नुसत्या रिकाम्या चौकटी उरल्या. मूळ फोटो ज्या हार्डडिस्कवर होते ती आधीच गेलेली. सासूबाईंनी एक फोटो आवडला म्हणून स्टुडिओतनं प्रिंट करून आणला होता, कंदील हातात धरलेला गडी, तेवढा एक राहिला, तो आता फ्रेममध्ये आहे. मामा नाहीत, ते पेवही बुजवलं. सेटिंग्जमध्ये बॅकअपचा पर्याय असतो, महिन्यातनं एकदा दाबायचा, फाईल दोन ठिकाणी ठेवायची, फोटो वेगळे ठेवायचे. आणि वर्षातनं एकदा झेरॉक्सच्या दुकानात नेऊन प्रिंट काढून स्पायरल बाईंडिंग करून घे. माझे असे सोळा खंड झालेत, सासूबाईंना स्क्रीनवर वाचवत नाही, दुपारी तेच घेऊन बसतात.

मधली दोन वर्षं बंद होता म्हणाले ना, तेव्हा सासरे अंथरुणाला होते. २०२२ आणि २३. लिहावंसं वाटायचंच नाही, आणि न लिहिल्याचं ओझं मात्र वाटायचं. ते गेल्यावर चार महिन्यांनी त्यांच्या डायऱ्या आवरताना एक पान निघालं, फक्त 'आज गॅस आला, ३१ दिवस पुरला' एवढंच. मी ते एक वाक्य ब्लॉगवर टाकलं, फोटोसकट. तिथनं परत सुरू झालं. म्हणून तुला थांबायचं असेल तर खुशाल थांब, बंद केला असं जाहीर करू नकोस आणि डिलीट तर मुळीच करू नकोस, तसाच राहू दे.

जाता जाता, कुरडयांच्या लेखात चीक शिजवताना पाणी किती घ्यायचं ते लिहायचं राहिलंय. सासूबाई चिकाइतकंच घेतात, वाटीला वाटी, आणि आधण चांगलं उकळल्याशिवाय चीक ओतू देत नाहीत. तुझ्या आईचं माप काय आहे ते तिला विचारून तिथं घाल, इथंही सांग, ह्या उन्हाळ्यात आम्ही तसं करून बघू.