एकात्मिक, अंगभूत की अंगीभूत?

दारव्हा तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे की, लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘एकात्मिक ग्राफिक्स’ (इंग्रजीतले ‘इंटिग्रेटेड’, म्हणजे वेगळे कार्ड न लावता पडद्यावर चित्र उमटवणारी यंत्रणा) छापलेले असते आणि संगणकाचे शिक्षक मात्र ‘अंगभूत’ म्हणतात, तर बरोबर कोणते? शिक्षक बरोबर आहेत, पण पुरते नाहीत.

‘एकात्मिक’ हा शब्द आपल्याकडे अंगणवाडीच्या पाटीपासून कपाशीच्या शेतापर्यंत इतका वापरला जातो की त्याच्या अर्थाकडे कोणी पाहतच नाही. एकात्मिक कीड व्यवस्थापनात कामगंध सापळे, निंबोळी अर्क आणि ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक हे सारे एकाच बोंडअळीच्या मागे लागतात, परंतु तेथे आत्मा एक होत नाही, काम तेवढे वाटून घेतले जाते. शिवाय ‘इतिहास’चे ‘ऐतिहासिक’ होते, तसे हे ‘ऐकात्मिक’ व्हायला हवे होते. ‘रसिक’, ‘धनिक’ यांचा दाखला देऊन ते तारून नेणाऱ्या परिभाषाकारांना पहिला स्वर वाढवणारा आणि न वाढवणारा अशा दोन प्रत्ययांतील फरक दिसत नाही, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

खरी गंमत ‘अंगीभूत’मध्ये आहे. ‘अंगभूत’ म्हणजे मुळातच अंग असलेले. परंतु जे आधी अंग नव्हते आणि मागाहून झाले, त्यासाठी पाणिनीने च्वि प्रत्यय सांगितला आहे. या प्रत्ययाचा स्वतःचा एकही वर्ण उरत नाही, तरी ‘घनीभूत’ किंवा ‘वर्गीकरण’ यांत दिसतो तसा आधीच्या अकाराचा ईकार तो करून जातो. इंटेल आणि एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्यांची चढाओढ या एका ईकारात मावते. ग्राफिक्स पूर्वी मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरबाहेरच्या साहाय्यक चिपांत असे. २०१० मध्ये इंटेलने ते प्रोसेसरच्या वेष्टनात आणले खरे, पण प्रोसेसरचा तुकडा ३२ नॅनोमीटरचा आणि ग्राफिक्सचा ४५ नॅनोमीटरचा (नॅनोमीटर हे चिपच्या घडणीतील बारकाव्याचे माप), असे ते शेजारी-शेजारी नांदत होते. एएमडीने २००६ मध्ये ग्राफिक्स चिप बनवणारी एटीआय विकत घेतली ती दोन्ही एकजीव करण्यासाठीच, तरी त्यांनाही २०११ उजाडले. त्याच वर्षी दोघांचेही ग्राफिक्स प्रोसेसरच्याच सिलिकॉनवर आले आणि खऱ्या अर्थाने अंगीभूत झाले. पुढे २०१८ मध्ये रखडलेल्या १० नॅनोमीटर प्रक्रियेवरचा इंटेलचा पहिला प्रोसेसर, कॅनन लेक, ग्राफिक्स बंद ठेवूनच विकला गेला, म्हणजे अंग होते पण लुळे.

२०२३ च्या मेटिऑर लेक प्रोसेसरमध्ये इंटेलने ग्राफिक्सचा तुकडा पुन्हा वेगळा काढून तो टीएसएमसी या तैवानच्या चिप घडवणाऱ्या कंपनीकडून घडवून घेतला. त्यावर कोणी म्हणेल की आता ‘एकात्मिक’च बरे, मी त्याला ‘सांधलेले’ म्हणेन.